सवतीचं माहेर

एकदा मी गळ्यातली सवत काढून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि तशीच तिच्या आईला भेटायला गेले. जन्मात मूर्खपणा पुष्कळ केला. सासऱ्यांच्या चहात साखर समजून मीठ घातलं, शेजारणीची म्हैस आपली समजून तिची धार काढून आणली. ते सगळं हसून फिटलं. ह्या एकावर मात्र अजून धड हसता येत नाही आणि धड रडताही येत नाही.

नातसुना विचारतात, गळ्यातली सवत म्हणजे काय हो आजी? त्यांना कुठून ठाऊक असणार. आमच्या वेळी पहिली बायको सवाष्ण मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा एक टाक अडकवायचे. अंगठ्याच्या नखाएवढा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. ही मेलेली थोरली. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. दागिना आधी तिला, पोळी आधी तिला, गजरा आधी तिला. मेलीचा मान राखला म्हणजे ती जितीच्या वाटेला जात नाही, अशी समजूत. तेव्हा माझ्या गळ्यात नवऱ्याच्या नावाचे मणी होते आणि त्यांना खेटून त्याची पहिली बायको होती. तिघांचा संसार, आणि त्यातल्या त्यात तिचंच बरं चाललं होतं.

माझं माहेर बेळगावात, खडेबाजारातल्या एका बोळात. वडील कचेरीत कारकून. मला निपाणीचं स्थळ सांगून आलं तेव्हा मी चौदा वर्षांची. मुलगा तंबाखूच्या वखारीत कामाला, वय फार नाही, मानमोडीच्या तापाच्या साथीत बायको गेलेली, मूलबाळ नाही. एवढं सगळं माझ्यासमोर बोललं गेलं. त्यातलं ह्या शहाणीच्या डोक्यात काय शिरलं, तर निपाणीला मोटार जाते. मी तोवर मोटारीत बसले नव्हते. माझा होकार नवऱ्याला नव्हता, मोटारीला होता.

लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं नवरीचं सासरचं नाव लिहायचं असतं. मला चार इयत्ता झाल्याचा फार ताठा. मान खाली घालून, डोळे तिरके करून मी वाचत होते. अक्षरं उमटली तशी बायकांत कुजबूज झाली. सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या तोंडात बसलंया तेच ऱ्हाऊ द्या. नवं कुठं घोकत बसायचं?"

ते थोरलीचं नाव होतं. निदान तांदूळ तरी नवे होते.

ते नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं, तरी दोघींपैकी कुणाचं लिहिलं ते तुम्हाला कळायचं नाही. मलाच कुठं कळत होतं? निपाणीच्या घरात सकाळपासून त्या नावाच्या हाका सुरू व्हायच्या. विहिरीवर, परसात, माजघरात. पहिलं वर्षभर मी दर हाकेला मागं वळून बघायची, की कुणाला बोलावतायत. मग लक्षात यायचं, आपल्यालाच. ओ द्यायची. पण ओ देताना वाटायचं, दुसऱ्याच्या घरात शिरून कुणाचं तरी टपाल घेतोय आपण.

एकदा ह्यांना विचारलं. जेवायला बसले होते, तंबाखूच्या वासानं मला शिंका येत होत्या. वखारीतून आलेला माणूस अंघोळ करूनही तंबाखूच राहतो. मी म्हटलं, "तुम्ही हाक मारता ती कुणाला?"

त्यांनी भात कालवत विचार केला. खरोखर केला, हे मला दिसलं. मग म्हणाले, "जी ओ देईल तिला."

हुशार माणूस. मी मात्र त्यावर दुसऱ्या दिवशी प्रयोग करायचा ठरवला. त्यांनी पाणी मागताना हाक मारली, मी ओ दिलीच नाही. दाराआड उभी राहून वाट बघत बसले, की आता हा माणूस घाबरेल, शोधायला येईल, माझं खडेबाजारातलं खरं नाव घेऊन हाक मारील. ते उठले, हातानं पाणी ओतून घेतलं, प्याले आणि वखारीत निघून गेले. तात्पर्य, मी नसले तरी माणसाची तहान भागते. एवढं तत्त्वज्ञान पदरात पाडून मी भाकरी थापायला बसले.

टाकावरच्या बाईचं तोंड मी किती वेळा बघितलं असेल. नाक म्हणजे एक टिंब, डोळे म्हणजे दोन टिंबं, हात दोन्हीकडे काड्यांसारखे. ती कशी दिसायची हे कळावं म्हणून मी दिव्याशी धरून बघायची. मग एकदा सोनाराच्या दुकानात गेले, तर त्याच्याकडे तस्सेच आणखी टाक ओळीनं मांडलेले. तेच नाक, तेच डोळे. सोनार म्हणाला, "साचा एकच असतोय वहिनी. त्यातनंच समद्यांच्या सवती निघत्यात." मला हसू आलं, आणि घरी येताना रडू. उद्या मी गेले तर मीही त्याच साच्यातून निघणार. तिसरीच्या गळ्यात लोंबणार. आणि तिसरीचं नाव काय ठेवतील? सासूबाईंना नवं घोकायचा कंटाळा.

आता सवतीच्या माहेराचं. आमच्याकडे रीत अशी, की ज्या आईची लेक गेली तिनं दुसरीला लेक मानायचं आणि दुसरीनं तिथं माहेरपणाला जायचं. थोरलीची आई पिरनवाडीला. बेळगावपासून बैलगाडीनं अगदी जवळ. म्हणजे मी निपाणीहून मोटारीनं बेळगावात उतरायची, माझ्या आईच्या बोळाच्या तोंडावरून जायची, आणि थांबायची नाही. आधी पिरनवाडी. आधी सवतीची आई, मग आपली. माझी आई कधी कधी बोळाच्या तोंडाशी उभी असायची, नुसती बघायला. मी गाडीतून हात हलवायची.

पिरनवाडीची म्हातारी भातशेती करणाऱ्या घरातली, काटक, मोतीबिंदूनं डोळे गेलेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. कानही मंद. ती मला कधी वाईट बोलली नाही. बांगड्या भरायची, केसांना तेल लावायची, जाताना नव्या तांदळाची गाठोडी बांधून द्यायची. पण मी पाया पडले की तिचा हात आधी माझ्या गळ्याशी यायचा. बोटांनी चाचपून टाक शोधायचा. सापडला की त्यावरनं अंगठा फिरवत राहायची, आणि मग, बऱ्याच वेळानं, तोच हात वर माझ्या गालाकडे यायचा. "आलीस पोरी?" म्हणायची. तोवर मी आलेलीच नसायची.

मी तिला आई म्हणायची, अहोजाहो करायची. तिची खरी लेक तिला अव्वा म्हणायची, अरेतुरे करायची. हे मला तिथल्या वहिनीनं, म्हणजे म्हातारीच्या सुनेनं सांगितलं होतं. मी अव्वा कधी म्हटलं नाही. तेवढं एक तिचं तिच्यापाशी राहू दिलं.

मग मला दिवस राहिले. डोहाळजेवणाला हिरवी साडी आली. सगळ्या बायका जमलेल्या, गाणी चाललेली, आणि मी ती साडी टाकाला न लावताच नेसले. विसरले असं सगळ्यांनी धरून चाललं, मीही धरू दिलं. विसरले नव्हते. एक साडी, फक्त एक, मला पहिल्यांदा माझी म्हणून नेसायची होती. माझ्या पोटात जे होतं ते तिचं नव्हतं, माझं होतं, आणि त्याच्यावर पडणारी साडी तरी उष्टी नको, असं त्या वेळच्या बाईसाहेबांना वाटलं.

बाळंतपणाला खडेबाजारात आले. मुलगी झाली. कपाळावर एवढं दाट जावळ, की माझी आई म्हणाली, वेणी घालूनच आलीया ही. बारसं ठरलं होतं. टोपरं आत्या आणणार होती, पाळणा शेजारच्यांनी दिला होता. आधीपासून काही शिवून ठेवू नये म्हणतात, म्हणून माझ्या आईच्या मऊ लुगड्यातच ती गुंडाळलेली असायची. बारसं व्हायच्या आदल्या दिवशी ती गेली. ताप नाही, काही नाही. दूध पिऊन झोपली ती उठली नाही.

पाळणा ज्यांचा त्यांना परत गेला.

माझं त्या वेळचं सगळं वेड ह्या एका गोष्टीभोवती फिरायला लागलं, ते असं. मला एक नाव होतं, ज्याच्या आत मी नव्हते. आणि माझ्या मुलीच्या आत ती सबंध होती, हातपाय, जावळ, जांभई, सगळी, पण नाव नव्हतं. तिला हाक कशी मारायची? मनातल्या मनात रडायला सुद्धा नाव लागतं हो. नुसतं "बाळ, बाळ" करून किती रडणार? बाळ तर सगळीच असतात. नाव ठेवायच्या आत गेली म्हणून बायका म्हणायच्या, काही आलंच नव्हतं असं समज. म्हणजे ज्या बाईला मी पाहिलं नाही ती नाव होतं म्हणून गळ्यात कायमची, आणि जिला मी अंगावर पाजलं ती आलीच नव्हती. हा कुठला न्याय? कुणाला विचारायचं हेही कळत नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाले असते, बाळंतवात झालाय.

मी निपाणीला परतले. मग एका दुपारी तांदूळ निवडताना सासूबाई म्हणाल्या, "ती हिरवी साडी थोरलीला लावली न्हवतीस तू."

मी म्हटलं, "आत्याबाई, विसरले."

"तू इसारलीस. ती कशी इसरंल?"

वाईट मनानं नाही म्हणाल्या. त्यांनाही नात हवी होती. त्यांनाही दोष कुणावर तरी घालायचा होता. पण ते वाक्य माझ्या अंगात शिरून बसलं. मला आधी स्वतःचा राग आला, तो पुरला नाही. मग तिचा आला. जिनं मला नाव दिलं, नवरा दिला, माहेर दिलं, तिनं एका साडीसाठी माझं लेकरू नेलं? टाक छातीवर टेकायचा तो विंचवासारखा वाटायचा.

दिवाळीला माहेरी निघाले तेव्हा मी रीत मोडली. आधी खडेबाजारात उतरले. आईला म्हटलं, डोकं दुखतंय, पिरनवाडीला उद्या जाईन. आणि दुसऱ्या दिवशी निघताना टाक सोडवून ट्रंकेत टाकला, वर कपडे दाबले, कुलूप लावलं. मनात काय होतं? हेच, की आज म्हातारीचा हात गळ्याशी येईल, टाक सापडणार नाही, आणि मग तिला सरळ माझ्या तोंडाकडे यावं लागेल. एकदा तरी कुणीतरी वाटेत न थांबता माझ्यापर्यंत यावं. ह्या डावावर मी इतकी खूश होते की गाडीत एकटीच हसले. काय अक्कल! आंधळ्या म्हातारीशी लपंडाव खेळायला निघालेली वीस वर्षांची घोडी.

पिरनवाडीला अंगणात भाताची रास पडलेली. वहिनी सुपानं पाखडत होती. मला बघून म्हणाली, "या वन्सं. अव्वा आत हाय. पावसाळ्यात तापानं पडलीती, तवापास्नं तिचं ध्यान लागंना झालंय. कालचं आज कळंना. मनाला लावून घिऊ नगा."

मी आत गेले. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मी पाया पडले. हात आला. गळ्याशी आला. मणी चाचपले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी वाट बघत होते, की आता वर येईल.

मग दोन्ही हातांनी तिनं माझं तोंड धरलं, इतकं जोरात की कानांतल्या कुड्या टोचल्या. माझ्या पदराचा वास घेतला. निपाणीचा, तंबाखूचा. आणि म्हणाली, "बाय माझी. तिकडनं सोडलं व्हय तुला?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. टाक दुसरीच्या गळ्यात असतो. पहिलीच्या गळ्यात कशाला असेल? नाव तेच, वास तोच, हातात सवाष्णीच्या बांगड्या, आणि गळ्यात सवत नाही. म्हणजे ही थोरली. म्हातारीचा हिशेब बरोबर होता. टाक काढून मी स्वतःला दाखवायला निघाले होते, आणि मी होते नव्हते तेवढी पुसून टाकून तिची लेक तिच्यापुढे आणून बसवली.

दारात वहिनी उभी होती, हातात सूप तसंच. तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं, आणि डोळे मोठे केले. "टाक कुठाय वन्सं?" नुसते ओठ हलवून विचारलं. मी मान हलवली. ती दबक्या आवाजात म्हणाली, "मग आता तुमचं तुमी निस्तरा." आणि गेली नाही, तिथंच उभी राहिली.

खरं सांगायला हवं होतं. आई, मी ती नव्हे, मी दुसरी. चार शब्द. पण ते चार शब्द म्हणजे तिची लेक पुन्हा एकदा मारणं होतं, आणि मारणारी मी. आपलं लेकरू गेलं ते ऐकायला कसं लागतं हे मला नुकतंच ठाऊक झालं होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं, "व्हय अव्वा. सोडलं."

"किती दिस?"

"सांजपातूर."

"एवढंच?" ती म्हणाली. मग स्वतःचीच समजूत घातल्यागत, "ऱ्हाऊ दे. एवढं तरी सोडलं." तिनं मला मांडीवर घेतलं. मांडी म्हणजे नुसती हाडं. केस सोडले, तेल मागवलं, आणि रोजचं बोलावं तसं बोलायला लागली. पांढऱ्या गायीला कालवड झाली. विहिरीवरचं लिंबू वाळलं. तुझं ते कासारणीशी भांडण झालतं, ती कासारीण मेली, तुला भेटली का तिकडं? मी हूं म्हणत होते. कुणाच्या तरी आयुष्याच्या आत बसून मी त्याचं छप्पर आतून बघत होते. तिथं एक आख्खी मुलगी होती. कासारणीशी भांडणारी, झाडावर चढणारी, ताकाला रुसणारी. टिंबाचं नाक नव्हतं तिला. मला ती आवडली, हे आणखीच वाईट झालं.

मग म्हातारीचा हात केसांत थांबला.

"एक इचारू? रागावू नगंस."

"इचार की."

"तुझ्या जागी ती बेळगावची पोर आणलीया. लई बडबडती, पर मनानं चांगली हाय. मला आई म्हनती." तिनं तेलाची वाटी बाजूला सारली. "तिचं लेकरू गेलं. बारसं बी झालं न्हवतं. लोक म्हनत्यात, थोरलीनं न्हेलं. साडी लावली न्हाय म्हनून." तिचा आवाज इतका लहान झाला की मला वर बघावं लागलं. "मी म्हनलं, माझी लेक असं करायची न्हाय. पर राती झोप लागंना. तू न्हाय न्हवं केलंस, बाय?"

इतके दिवस ही म्हातारी हे घेऊन बसली होती. लेक मेली ते वेगळंच, आणि वर लेक दुसऱ्याचं लेकरू खाणारी झाली की काय हे भय. माझ्या गळ्यावरचा टाक चाचपताना ती दर वेळी लेकीला असंच काहीतरी विचारत असेल, आणि मी तिथं बसून मनात म्हणत असे, आधी मला बघ, मला बघ.

उत्तर माझ्याच हातात होतं. त्या एका क्षणी थोरलीला खुनी ठरवायचं की सोडवायचं हे माझ्याकडे होतं, आणि तिला बोलायला माझ्या तोंडावाचून दुसरं तोंड नव्हतं. सकाळपर्यंत मी तिला विंचू म्हणत होते.

"न्हाय गं अव्वा," मी म्हटलं. "मी कशाला न्हेऊ? साडीचं काय घिऊन बसलीस. मला ठाव बी न्हवतं."

"मग?"

"ती आपनच आली. एकलीच हुती. कुनाची म्हनून इचारलं तर नाव सांगता ईना. मग मीच उचलली."

हे कुठून आलं मला माहीत नाही. मी ठरवून बोलले नाही. बोलून झाल्यावर माझंच मला ऐकू आलं आणि त्या मांडीवर, गेल्यापासून पहिल्यांदा, मी आवाज काढून रडले. म्हातारी मला थोपटत राहिली.

"तुझ्यापाशी हाय म्हन की."

"हाय."

"रडती का?"

"न्हाय. झोपती. जावळ लई हाय."

"आनि डोस्क्यावर? तिकडं गारठा असंल."

"डोस्क्यावर काय न्हाय," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं.

"बरं," म्हातारी म्हणाली. मग माझी वेणी घालता घालता, "त्या पोरीला तरास दिऊ नगंस हां बाय. तिला आता कोन हाय?"

"देनार न्हाय."

संध्याकाळी गाडी जोडली. ती दारापर्यंत धरत धरत आली, थांब म्हणाली नाही. तिकडच्या लोकांचा नियम असेल, तो मोडू नये, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. वहिनीनं तांदळाची गाठोडी माझ्या हातात दिली. डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, तुमी लई वंगाळ हाय." आणि माझा हात सोडेना.

वाटभर मी विचार करत होते, म्हणजे त्या वयात जेवढा करता येतो तेवढा. थोरली मानमोडीतून उठली असती तर? तर ती पाण्यासाठी हाक मारल्याबरोबर ओ देत निपाणीला असती. मी कुठं असते? शहापूरला, नाही तर आणखी कुठं, दुसऱ्याच नावानं, दुसऱ्याच कुणाला भात वाढत. ती दुसऱ्या नावाची मी कुठंच नाही, पण मला कधी कधी तिची आठवण येते. आणि माझी मुलगी, ती तर ह्या एका वाटेनंच येऊ शकत होती, दुसऱ्या कुठल्याच नाही. तिनं यावं म्हणून एका बाईनं जावं लागलं, आणि ती आली ती बारशापर्यंतही थांबली नाही. एवढ्यासाठी एवढं? हे कोडं मी तेव्हा गाडीत घातलं होतं स्वतःला. आता दात गेले, ह्यांना जाऊनही जमाना झाला, मागून झालेली माझी दोन मुलं सुद्धा म्हातारी झाली. उत्तर नाही. बैलांना माहीत असेल तर असेल, ते तेवढे गंभीर दिसत होते.

खडेबाजारात आल्याबरोबर ट्रंक उघडली. टाक खाली सरकून कोपऱ्यात गेला होता. धुतला, कुंकू लावलं, आणि नवऱ्याचं नाव मनात न घेता, सासूबाईंचं भय मनात न घेता, पहिल्यांदाच माझा मी गळ्यात घातला. ती थोडी गार होती. मग अंगाच्या उबेनं उबली.

संक्रांतीला पुन्हा गेले. रीतीप्रमाणे, आधी पिरनवाडी. वाटेत मला धास्ती, की म्हातारी काय म्हणेल, लेक म्हणून मिठी मारेल की मला ओळखणारच नाही. मी पाया पडले. म्हटलं, "आई, मी आले." हात आला, गळ्याशी गेला. टाक सापडला. अंगठा त्यावरनं एकदाच फिरला, आणि ह्या वेळी तिथं थांबला नाही, लगेच वर माझ्या गालावर आला.

"आलीस पोरी? बरं झालं. अगं, ती यिऊन गेली. तुझं लेकरू तिच्यापाशी हाय, काळजी करू नगंस. डोस्क्यावर तेवढं काय न्हाय म्हनली. एक टोपरं शिवून ठिव माझ्यापाशी, म्हंजे फुडल्या बारीला आली की तिच्यासंगट धाडते."